दोर तुटला तर? : घरातल्या लिफ्टचा इतिहास आणि घरमालकाचे प्रश्न

तत्त्वज्ञान शिकवण्यात उभं आयुष्य गेलेला माणूस लिफ्टवर काय बोलणार, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. तो रास्त आहे. झालं असं, की तीन वर्षांपूर्वी आम्ही आमच्या दुमजली घरात लिफ्ट बसवली. स्वयंपाकघर खाली, झोपायची खोली वर, आणि आमच्या सौभाग्यवतींच्या दोन्ही गुडघ्यांनी जिन्याशी असहकार पुकारलेला. खरेदीच्या वेळी आम्ही काचेचा रंग विचारला, आतल्या दिव्यांचं विचारलं, किंमत तर तीन-तीनदा विचारली. जे विचारायला हवं होतं ते राहूनच गेलं. पुढे पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली. आत सौ. एकट्या. आतून आवाज आला, "अहो, घाबरू नका, पण लवकर काहीतरी करा." ते 'लवकर' व्हायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासाने आम्हाला लिफ्टचा इतिहास वाचायला बसवलं. त्यातलं घर बांधणाऱ्याच्या आणि घर सुधारणाऱ्याच्या कामाचं जे आहे, तेवढंच आज सांगणार आहोत.

दोराने वजन उचलणं फार जुनं. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात कप्प्या आणि दोर वापरून भार उचलणाऱ्या यंत्रांचं वर्णन करून ठेवलं आहे. आपल्याकडे विहिरीवरची मोट हेच काम करायची. आता मोटेचा नाडा तुटला तर काय होतं? पाणी सांडतं, शेतकरी चार शब्द बोलतो आणि नवा नाडा लावतो. पण त्याच नाड्याला माणूस टांगला, की प्रश्नाची जातच बदलते.

१७४३ साली फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात पंधराव्या लुई राजासाठी एक 'उडती खुर्ची' बसवली गेली. दोराच्या एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला तिला तोलणारं वजन. म्हणजे बघा, ही घरातलीच लिफ्ट. घर तेवढं राजाचं! प्रतिवजनामुळे उचलण्याची मेहनत वाचते. दोर तुटला तर मात्र ते काही कामाचं नाही.

या प्रश्नाचं नीट उत्तर दिलं ते अमेरिकेतल्या एलिशा ओटिस यांनी. न्यूयॉर्कजवळ यॉंकर्स इथल्या पलंगांच्या कारखान्यात ते यंत्रं सांभाळत. १८५२ च्या सुमारास त्यांनी काय केलं, तर लिफ्टच्या चौकटीवर घोडागाडीला असते तशी पोलादी कमान बसवली आणि दोर त्या कमानीला बांधला. भार लोंबकळतो आहे तोवर कमान वाकलेली राहते. दोर तुटला की ती झटकन सरळ होते आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकतात. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात ओटिस स्वतः उंचावरच्या फळीवर उभे राहिले आणि लोकांसमोर दोर कापायला लावला. फळी किंचित खचली आणि थांबली. तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, ब्रॉडवेवरच्या हॉवाउट यांच्या पाच मजली दुकानात गिऱ्हाइकांसाठी लिफ्ट सुरू झाली.

इथे थोडं तत्त्वज्ञान सहन करा. तोवर प्रत्येक बनवणारा सांगत होता, "आमचा दोर भक्कम आहे." ओटिस यांनी दोर तुटणारच असं धरून पुढचा विचार केला. भरवशाच्या या दोन अगदी वेगळ्या कल्पना आहेत. पहिलीत तुम्ही विक्रेत्याच्या शब्दावर विसंबता. दुसरीत शब्द खोटा ठरला तरी माणूस वाचतो.

पुढचा सगळा इतिहास हाच प्रश्न नव्या नव्या जागी विचारण्याचा आहे. १८८० साली जर्मनीतल्या मानहाइम इथे वेर्नर फॉन सीमेन्स यांनी विजेवर चालणारी लिफ्ट दाखवली. मग प्रश्न आला, वीज गेली तर? आजच्या मोटरवरच्या लिफ्टमध्ये ब्रेक स्प्रिंगच्या जोराने कायम आवळलेला असतो आणि वीज तो सोडवते. वीज गेली की ब्रेक आपोआप बसतो. वेग हाताबाहेर गेला तर? त्यासाठी गव्हर्नर आला. ठरलेल्या मर्यादेपेक्षा वेग वाढला की तो रुळांना पकडणारी यंत्रणा चालू करतो. तेव्हा लिफ्ट अडकणं हे बहुतेक वेळा तिच्या सुरक्षिततेचंच लक्षण. पण आत अडकलेल्या माणसाला हे सांगून बघा!

सामान्य माणसाच्या घरात हे यंत्र आलं ते आजारपणाच्या वाटेने. १९२३ साली पेनसिल्व्हेनियातल्या सी. सी. क्रिस्पेन यांनी वरच्या मजल्यावर आजारी पडून राहिलेल्या एका मित्राची अवस्था पाहून जिन्याच्या कडेने सरकणारी खुर्ची बनवली. घरगुती लिफ्टही त्यांनी पुढे काढली.

आपल्या देशात सुरुवात झाली ती बड्या इमारतींतून. कलकत्त्याच्या राजभवनात १८९२ साली लिफ्ट बसली. मुंबई प्रांतात १९३९ साली लिफ्टसाठी स्वतंत्र कायदा झाला; महाराष्ट्रात त्याची जागा २०१७ च्या कायद्याने घेतली. उभारण्याआधी परवानगी, चालवण्याआधी परवाना आणि मग ठरावीक तपासणी, असा त्याचा सांगाडा. आणि मुंबईच्या जुन्या इमारतींतला लिफ्टमन आठवतो ना? स्टुलावर बसलेला, जाळीचं दार खणकन ओढणारा, पोराचा हात आत आला तर खेकसणारा. तो माणूस म्हणजे अर्धी सुरक्षा होती. घरातल्या लिफ्टला लिफ्टमन नसतो. म्हणजे ती नोकरी, मित्रहो, घरमालकाच्या वाट्याला येते.

तो नसल्याची किंमत अमेरिकेतल्या घरांनी मोजली आहे. तिथे मजल्यावरचं दार आणि लिफ्टचं आतलं दार यांच्यात फट राहायची. लहान मूल त्या फटीत शिरलं, बाहेरचं दार लागलं आणि कुणीतरी दुसऱ्या मजल्यावरून बटण दाबलं, अशा अपघातांत मुलं गेली, कायमची जायबंदी झाली. नंतर तिथल्या नियमांत ही फट चार इंचांवर आणली गेली. फूटपट्टीने मोजता येणारी गोष्ट. पण मोजायला कुणीतरी हवं.

तेव्हा विक्रेत्यासमोर बसाल तेव्हा विचारा : वीज गेली तर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आपोआप येऊन दार उघडेल का? त्याची बॅटरी किती वर्षांनी बदलायची, आणि दर सर्व्हिसिंगला ती आमच्या डोळ्यांसमोर तपासाल का? हायड्रॉलिक लिफ्ट असेल तर तेलाची झडप उघडून ती हाताने खाली आणता येते. ते घरात कुणाला शिकवणार? दोन दारांमधली फट किती? दार उघडं असताना लिफ्ट हलते का? आतून बोलायला फोन आहे का, आणि तो वीज नसताना चालतो का? काही संथ घरगुती लिफ्टमध्ये पोहोचेपर्यंत बटण दाबून धरावं लागतं; ज्यांचा हात थरथरतो त्यांना ते जमेल का? आज गुडघे दुखतात, उद्या चाकाची खुर्ची आली तर? खुर्ची आणि सोबत एक माणूस मावायला आतली जागा साधारण ११०० बाय १४०० मिलिमीटर आणि दार निदान ८०० मिलिमीटर रुंद लागतं. जुन्या घरात स्लॅब कापायचा असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला लिफ्टवाल्याच्या आधी घ्या. आणि देखभालीचा वार्षिक करार करताना एकच विचारा : रात्री फोन केला तर माणूस किती वेळात येईल?

आमच्या घरी काय झालं, ते सांगायचं राहिलं. बॅटरी होती, पण केव्हाच संपलेली. दाराची आणीबाणीची चावी होती. ती कागदपत्रांच्या पाकिटात पडून आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. आतला फोन आम्हीच खर्च वाचवायला नको म्हटला होता. शेजारची दोन मुलं धावत आली आणि दार ताणून उघडायला निघाली. सौ. आतून ठामपणे म्हणाल्या, "कुणी दाराला हात लावू नका रे, माणूस येऊ दे." तेच बरोबर होतं. अधांतरी थांबलेल्या लिफ्टमधून उतरताना खालच्या पोकळीत पडण्याचा धोका असतो. आत बसून राहणं त्यामानाने सुरक्षित. भर पावसात मेकॅनिक आला, त्याने त्यांना खाली आणलं. आम्ही काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "आता पुस्तकं वाचा, पण आधी बॅटरी बदला."

बॅटरी दुसऱ्याच दिवशी बदलली. चावी आता जिन्याजवळच्या खिळ्याला असते आणि ती घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. फोनही बसवला. तुमच्या घरी लिफ्ट असेल, तर आज घरी गेल्यावर चावी कुठे आहे तेवढं बघा. नसेल आणि घ्यायची असेल, तर रंगाच्या आधी हे विचारा.