प्लास्टिक उकिरड्यावर गेलं की परत रानातच येतं. कचरा घरातच वेगळा करा

स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांमध्ये २०२० ला सातारा जिल्ह्यातलं कराड देशात पहिलं आलं. पुढच्या वर्षी, २०२१ ला, हा मान सांगली जिल्ह्यातल्या विट्यानं मिळवला. खेड्यांसाठी तर तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं.

शहरात मात्र दारात घंटागाडी येते. वाडीवस्तीवर, मळ्यातल्या घरापर्यंत ती सहसा पोचत नाही. तिथं कचऱ्याची जागा एकच, उकिरडा.

उकिरड्याचं काय बिघडलं?

पूर्वी शेण, राख, पालापाचोळा, भाजीची देठं असं उकिरड्यावर पडेल ते कुजायचं आणि खत होऊन रानात जायचं. आता त्यातच दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं पडतात. ती कुजत नाहीत. खत विस्कटताना रानभर पसरतात आणि मशागतीत तुकडे होऊन मातीत मिसळतात.

दुसरा धोका जनावरांना. खरकटं पिशवीत बांधून टाकलं की गाय पिशवीसकट खाते. प्लास्टिक पचत नाही, पोटात साठत जातं. चारा तुटतो, पोट फुगतं, दूध कमी होतं. वेळेत ऑपरेशन झालं नाही तर जनावर दगावतं.

घरात काय करायचं?

- ओला कचरा : भाजीची देठं, साली, खरकटं बादलीत साठवून थेट उकिरड्यावर किंवा खड्ड्यात टाकावं, पिशवीत बांधू नये. जागा असेल तर नाडेपची टाकी बांधावी. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची ही पद्धत, त्यांच्याच नावावरून 'नाडेप' म्हणतात. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच अशी भोकं ठेवलेली विटांची टाकी असते. कचरा, शेणकाला आणि माती यांचे थर दिले आणि ओल टिकवली की तीन-चार महिन्यांत खत तयार होतं.
- सुका कचरा : एक पोतं दाराआड टांगून ठेवावं. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून त्यात टाकाव्यात. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नये, तो हमखास केरात जातो. पोतं भरलं की भंगारवाल्याला द्यावं.
- जुन्या वस्तू : साड्या-धोतरांच्या वाकळा आपल्याकडे पहिल्यापासून शिवतात. उरलेल्या कापडाच्या बाजारच्या पिशव्या, पायपुसणी होतात. तेलाचा पत्र्याचा डबा धान्याला, कॅन कापून रोपांना किंवा कोंबड्यांच्या पाण्याला वापरता येतो. नारळाच्या शेंड्या भांडी घासायला चालतात.
- सांडपाणी : मोरीचं पाणी रस्त्यावर सोडण्यापेक्षा अळू, केळी किंवा शेवग्याला द्यावं.

हे करू नका

बंब किंवा चूल पेटवायला प्लास्टिक वापरू नका. तो विषारी धूर आधी घरातल्या बाया-पोरांच्या छातीत जातो. तसली राख भाजीवर टाकायच्याही कामाची राहत नाही.

औषधाच्या रिकाम्या बाटल्या दूध, पाणी किंवा रॉकेलसाठी कधीच वापरू नका. फवारणीच्या वेळीच बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतावं. मग तिला भोक पाडून लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी वेगळी ठेवावी. विहिरीत, ओढ्यात टाकू नये.

गावानं मिळून

एका घराच्या पोत्यासाठी भंगारवाला मळ्यात येत नाही. ग्रामपंचायतीनं किंवा बचत गटानं महिन्याचा एक दिवस ठरवून गावाचं सुकं एका जागी गोळा केलं, तर तो येतो.

उकिरड्यात आधीच गेलेलं प्लास्टिक काढायची वेळ एकच, खत ट्रॉलीत भरताना. दाताळ्यानं खत ओढताना दिसेल ती पिशवी बाजूला काढावी. एकदा ती रानात विस्कटली, की परत वेचून काढणं होत नाही.