सूझा, फ्रान्सिस न्यूटन

(१२ एप्रिल १९२४ – २८ मार्च २००२). गोव्यात जन्मलेले, मुंबईत घडलेले आणि नंतर आयुष्यभर लंडन व न्यूयॉर्क येथे राहिलेले चित्रकार. जन्म बार्देश तालुक्यातील साळगावचा. ते अवघे तीन महिन्यांचे असताना वडील वारले, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. पुढे त्यांनाच देवी आल्या, तेव्हा आईने संत फ्रान्सिस झेवियरला नवस बोलला : मूल वाचले तर त्याला पाद्री करीन. मूल वाचले आणि नावात ‘फ्रान्सिस’ आले. पाद्रीपण तेवढे राहून गेले.

आईने मुंबईत शिवणकाम करून त्यांना वाढवले. राजकीय चळवळीतील सहभागामुळे १९४५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्यांना काढून टाकण्यात आले. १९४७ मध्ये रझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला आणि दोनच वर्षांत लंडन गाठले. तिथली पहिली वर्षे ओढगस्तीत गेली. १९५५ मध्ये ‘एन्काउंटर’ मासिकात आत्मपर लेख आला, ‘गॅलरी वन’मध्ये प्रदर्शन भरले आणि नाव झाले.

सूझांच्या चित्रांत मृत्यू थेट देहात रुतलेला दिसतो. रोमन काळातील हुतात्मा संत सेबॅस्टियनवर बाण सोडले गेले, ही ख्रिस्ती परंपरेतील जुनी कथा. ‘मिस्टर सेबॅस्टियन’ (१९५५) मध्ये सूझांनी त्याच संताला गडद कोट चढवला. बाण चेहऱ्यात आणि मानेत घुसलेले, तरी हा गृहस्थ कचेरीला निघाल्यासारखा ताठ! टेट संग्रहातील ‘क्रुसिफिक्शन’ (१९५९) मधला ख्रिस्त काळपट आणि काटेरी आहे. युरोपीय चित्रांतला गोरापान, सोशिक येशू इथे शोधूनही सापडत नाही. गोव्याच्या चर्चमधील रक्ताळलेल्या मूर्ती लहानपणी मनावर ठसल्याचे सूझांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ‘बर्थ’ (१९५५) मध्ये तर दिवस भरलेली नग्न स्त्री आडवी पडली आहे आणि शेजारी पाद्र्यासारख्या वेशातला पुरुष उभा आहे. जन्माच्या प्रसंगीही अंत्यविधीची सावली पडावी, हे विलक्षण आहे.

त्यांची सर्वांत धाडसी चित्रे म्हणजे १९६६ मध्ये लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत मांडलेली काळ्यावर काळी चित्रे. जाड रंगाच्या वळ्यांवर प्रकाश तिरपा पडला तरच त्यांतले चेहरे दिसतात; समोरून पाहणाऱ्याला नुसता अंधार. १९६७ मध्ये ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले. तिथे छापील चित्रांवर रसायने फिरवून मूळ प्रतिमा विरघळवत त्यांनी नव्या आकृती काढल्या. निधन मुंबईत झाले. दफन शिवडीच्या दफनभूमीत.