एक कळप, दोन मेंढपाळ



ज्युबिलीच्या दिवशीं पूर्वजांच्या पुण्याईचें स्मरण करणें हें जसें आपलें कर्तव्य आहे, तसेंच त्यांच्या दुःखाचें स्मरण करणें हेंही आहे. आमच्या लहानपणीं वृद्ध मंडळींच्या तोंडीं ‘ते पाद्रुआदोचे’, ‘ते प्रोपागांदाचे’ असे शब्द ऐकूं येत. त्यांचें मूळ कशांत होतें तें थोडक्यांत सांगतों.

पोपमहाराजांनीं पोर्तुगालच्या राजांवर पूर्वेकडील देवळांच्या खर्चाचा भार घातला, व त्याबरोबर बिशपांचीं नांवें सुचविण्याचा हक्कही दिला. हाच पाद्रुआदो. पुढें १६२२ सालीं पंधरावे ग्रेगरी यांनीं धर्मप्रसाराचें कार्य थेट रोमच्या देखरेखीखालीं आणण्यासाठीं प्रोपागांदा ही संस्था स्थापिली. हेतु दोहोंचेही चांगले. परंतु एकाच भूमीवर दोन सत्ता उभ्या राहिल्या.

मुंबई बेट इंग्रजांकडे आल्यावर त्यांना गोव्याच्या आर्चबिशपांची सत्ता खुपूं लागली. १७२० सालीं त्यांनीं पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना घालवून कार्मेलाईट व्हिकर अपोस्तोलिकांच्या हातीं देवळें दिलीं. १७८९ सालीं तीं गोव्याकडे गेलीं, १७९१ सालीं परत आलीं, आणि १७९४ सालीं वांटणी झाली: दोन देवळें यांना, दोन त्यांना.

हें भांडण श्रद्धेचें नव्हतें. मिस्सा तीच, संस्कार तेच, पोपही तेच. तरीही १८५३ सालीं माहीमचें सेंट मायकेल देऊळ पाद्रुआदोकडे नेऊं पाहणाऱ्या लोकांनीं त्यास वेढा घातला, आणि कापुचिन बिशप अनास्तासियस हार्टमन आंत कित्येक दिवस कोंडले गेले. अखेर सरकारास मध्यें पडावें लागलें. ख्रिस्ताच्या घराचें दार ख्रिस्ताच्याच लेंकरांनीं अडवावें, याहून मोठें दुःख तें कोणतें?

१८८६ च्या करारानें मुंबईस आर्चबिशप व दमणास बिशप मिळाले. दुहेरी सत्ता मात्र राहिली. १९२८ सालीं दमण धर्मप्रांताचा ब्रिटिश मुलखांतील भाग मुंबईस जोडला गेला, पण आर्चबिशप आळीपाळीनें पोर्तुगीज व ब्रिटिश असावे असें ठरलें. या पाळींत एतद्देशीयास जागाच नव्हती!

ती जागा आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनीं करून दिली. १९४६ सालीं व्हॅलेरियन ग्रेशस सहायक बिशप झाले, आणि रॉबर्ट्स यांनीं कारभार त्यांच्यावर सोंपवून स्वतः दूर राहणें पसंत केलें. १९५० सालीं पोर्तुगालनें आपला हक्क सोडला, रॉबर्ट्स यांनीं आसन सोडलें, आणि ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ सालीं ते भारताचे पहिले कार्डिनल झाले.

धर्मबंधूंनो, हक्क धरून बसल्यामुळें आपली मंडळी दीडशें वर्षें दुभंगली, आणि हक्क सोडल्यामुळें ती सांधली. आपल्या धर्मग्रामांतही मानपानावरून रुसवे होतात, भाऊ भावाच्या शेजारीं बांकावर बसत नाहीं. ज्युबिलीची खरी भेट देवळाच्या नव्या रंगांत नाहीं. आपल्या हातून सुटणाऱ्या एखाद्या हट्टांत ती आहे. प्रभु आपणां सर्वांस तेवढें बळ देवो.