परवाना आणि नोंद

१ मार्च २०२४ या तारखेला भारत सरकारच्या दोन कागदांची विलक्षण गाठ पडली. प्रेस आणि नियतकालिके नोंदणी अधिनियम, २०२३ त्या दिवशी अमलात आला आणि जवळजवळ १५७ वर्षे आपल्या छपाईवर देखरेख करणारा १८६७ चा कायदा इतिहासजमा झाला. त्याच तारखेचे केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचे एक सूचनापत्र आहे. पुरेशी पारख न झालेली कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे भारतीयांच्या हाती द्यायची असतील, तर सरकारची स्पष्ट परवानगी घ्यावी, असे त्यात म्हटले होते. शब्द निर्माण करणाऱ्या एका जुन्या यंत्रावरची पकड सैल होत असतानाच दुसऱ्या, नव्या यंत्राभोवती ती आवळू पाहत होती. हा निव्वळ योगायोग असला तरी वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याच्यापाशी थोडे थांबावे असे वाटते.

शब्दयंत्रांना आवर घालण्याचे दोन मार्ग राज्यसंस्थेला पूर्वापार ठाऊक आहेत. एक परवान्याचा, दुसरा नोंदीचा. १८५७ च्या धामधुमीत कंपनी सरकारने पहिला मार्ग धरला आणि परवान्यावाचून छापखाना चालवण्यास बंदी केली. दहा वर्षांनी आलेल्या १८६७ च्या कायद्याने दुसरा मार्ग पत्करला. छापा काय हवे ते, पण मुद्रकाचे नाव आणि मुद्रणस्थळ पुस्तकावर असलेच पाहिजे, आणि प्रत सरकारजमा झालीच पाहिजे. आलेल्या प्रतींची सूची दर तिमाहीस राजपत्रात प्रसिद्ध होई. ग्रंथाचे नाव, भाषा, कर्ता, पृष्ठे, प्रतींची संख्या, किंमत, इतकेच काय, पुस्तक खिळ्यांवर छापले की शिळेवर, हेही त्यात नमूद असे. या नोंदींच्या मुळाशी सत्तेचा संशय होता, हे उघड आहे. तथापि एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथव्यवहाराचा इतिहास लिहिताना आज त्याच सूच्या हाताशी घ्याव्या लागतात.

१८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या देशी वृत्तपत्र कायद्याने पुन्हा परवान्याची वृत्ती डोके वर काढली. देशी भाषांतील पत्रांकडून जामीन घ्यावा, आणि तो टाळायचा असेल तर मुद्रिते आधी सरकारी अधिकाऱ्यास दाखवावीत, अशी त्यात तरतूद होती. इंग्रजी पत्रांना अर्थातच मोकळीक होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' तेव्हा ऐन भरात होती. मुद्रिते तपासण्याचे कलम त्याच वर्षी लंडनहून आलेल्या आदेशाने गळाले, आणि १८८२ मध्ये रिपनने सारा कायदाच मागे घेतला.

२०२४ मधील सूचनापत्राची गत याहून जलद झाली. चौफेर टीका होताच १५ मार्चला सुधारित पत्र निघाले आणि त्यातून परवानगीची अट वगळली गेली. त्याआधी, एप्रिल २०२३ मध्ये, कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी कायदा करण्याचा विचार नसल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले होते. मग नोव्हेंबरमध्ये एका अभिनेत्रीची बनावट चित्रफीत पसरली आणि सूर बदलला. ५ नोव्हेंबर २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सात सूत्रे आहेत, तूर्त नवा कायदा नको हा निर्णयही आहे. फेब्रुवारी २०२६ च्या नियमांनी मात्र यंत्रनिर्मित दृक्‌श्राव्य मजकुरावर तशी खूण सक्तीची केली. ही खूण म्हणजे १८६७ च्या मुद्रकनामाचीच पणती म्हणायची.

यंत्र आवरायचे की यंत्राचा वापर, हा प्रश्न दूरचा वाटतो, पण पनवेल-रोहा लोहमार्गावर तो चांगला परिचयाचा आहे. जितेच्या पुढचे स्थानक हमरापूर. तेथील आणि पेण परिसरातील गणेशमूर्तींच्या कारखान्यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसवरील निर्बंधांचा वाद २०२० पासून अनुभवला. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवण्यास मुभा दिली, नैसर्गिक जलाशयांत विसर्जनास मात्र मनाई केली. साचा चालू राहू द्यावा, अपाय जिथे होतो तिथे अडवावे, असा हा विवेक आहे. दिल्लीची तत्त्वेही साधारण याच वाटेने जातात.

त्याच न्यायालयाने या प्रश्नाच्या दोन्ही कडा तपासल्या आहेत. सरकारविषयीचा कोणता मजकूर खोटा हे सरकारी कक्षानेच ठरवावे, असा २०२३ चा नियम होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो रद्द झाला. उलट, २०२५ मध्ये आशा भोसले यांनी आपल्या आवाजाच्या यांत्रिक नकलेविरुद्ध दाद मागितली, तेव्हा न्यायालयाने त्यांना संरक्षण दिले. सत्याची मक्तेदारी राज्याला नाकारायची आणि व्यक्तीच्या कंठाची राखण करायची, या दोन्ही गोष्टी परस्परविरोधी नाहीत.

तरीही एक उणीव राहते, आणि ती आपल्याशी, म्हणजे मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांशी, थेट निगडित आहे. खूण सक्तीची झाली ती यंत्रातून बाहेर पडणाऱ्या मजकुरासाठी. यंत्राने आत काय घेतले, कोणत्या कादंबऱ्या, कोणती दलित आत्मकथने, कोणते दिवाळी अंक वाचून ते मराठी बोलू लागले, याची नोंद कुठे आहे? युरोपीय संघाच्या कायद्याने ऑगस्ट २०२५ पासून अशा प्रारूपांच्या निर्मात्यांना प्रशिक्षणसामग्रीचा सारांश प्रसिद्ध करणे बंधनकारक केले आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२५ मधील सरकारी कार्यपत्राने सक्तीच्या परवान्याची आणि मानधनाची कल्पना मांडली. तीत लेखकाला नकाराचा अधिकार नाही, मोबदल्याचा आहे. मोबदला हवाच. परंतु कोणाचे काय घेतले हे लिहूनच ठेवले नाही, तर तो कोणाच्या नावे द्यायचा?

परवान्याचा मोह सत्तेला पुन्हा पुन्हा होईल, आणि तो प्रत्येक वेळी दोन आठवड्यांत ओसरेलच असे नाही. त्याला विरोध करताना नोंदीचा आग्रह सोडता कामा नये. परक्या सरकारने संशयापोटी का होईना, आपल्या ग्रंथांची सूची राखली. आपल्या सरकारकडे तीच गोष्ट हक्काने मागताना संकोच वाटण्याचे काही कारण नाही.