तारांचा ताण आणि रिमची कसोटी

१८६०च्या दशकात पॅरिसमध्ये निघालेल्या मिशो सायकलीचं चाक आपल्या बैलगाडीच्याच जातीचं होतं: लाकडी आरे, वर लोखंडी धाव, आणि भार खालच्या आऱ्यावर. तार असा दाब सोसत नाही, वाकते. तिला आधीच ताणून ठेवलं तरच ती चाक पेलते. जुन्या इंग्रजी इतिहासांत अशा ताणलेल्या तारांच्या चाकाचं श्रेय कॉव्हेन्ट्रीच्या जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांच्या १८७०च्या ‘एरियल’ सायकलला मिळतं. माझ्या मते ते पॅरिसच्या युजेन मेयेर यांचं आहे. त्यांच्या १८६९च्या पेटंटमधल्या चाकात प्रत्येक तार वेगळी आवळता येई. एरियलमध्ये रिमच्या तुलनेत हब फिरवून सगळ्या तारा एकदम ताणल्या जात. काम झटपट होई, पण एखादीच तार सैल पडली तर तिच्यावर इलाज नव्हता.

हा फरक किती मोठा आहे, ते रिम सांगते. ३६ तारांत प्रत्येकी १०० किलोचा ताण असेल, तर रिमच्या धातूवर सगळीकडून सुमारे ५७० किलोचा दाब येतो. एका बाजूच्या तारा जास्त ओढल्या की रिम तिकडे झुकते, चाक आऊट होतं. सगळ्याच अती ताणल्या तर रिम पिळवटून जाते. ताण कमी ठेवावा म्हटलं, तर तेही चालत नाही: माणूस सायकलवर बसला की जमिनीलगतच्या तारांचा ताण उतरतो आणि वरच्यांचा जेमतेम बदलतो, हे जोब्स्ट ब्रँट यांनी सायकलच्या चाकावरच्या १९८१च्या पुस्तकात हिशेबानिशी दाखवलं. खालच्या तारा पुरत्या सैल पडू नयेत इतका ताण मुळातच हवा. म्हणजे दोन्हीकडून मर्यादा आहे, आणि त्या पट्ट्यात प्रत्येक तार एकेक करूनच बसवावी लागते.

ताणाची कल्पना जॉर्ज केली यांनी १८०८मध्येच उडत्या यंत्रासाठी मांडली होती, असा आक्षेप येईल. खरं आहे; पण सायकलच्या चाकात ती उतरली मेयेर यांच्या हातून. स्टार्लींचं मोठेपणही नाकारता येणार नाही. पेडलचा जोर हबला पिळतो, आणि सरळ केंद्राकडे जाणाऱ्या तारा तो पीळ नीट पेलत नाहीत. १८७४मध्ये त्यांनी तारा तिरप्या लावून हा प्रश्न सोडवला. मात्र तिरप्या तारांनी आऊट निघत नाही. आपल्याकडच्या काळ्या रोडस्टरच्या मागच्या चाकात ४० तारा असतात. त्यांची तिरपी गुंफण स्टार्लींची. पण सायकलवाला आऊट काढतो तो एकेका तारेच्या टोकाचं निपल फिरवून. एरियलची पद्धत आज कुठल्याच सायकलीत उरलेली नाही.