कारण एकच नसतं: डॉ. कमल रणदिवे यांचं संशोधन

पालमला बोलायला यायचं ठरलं तेव्हा सारखी आमच्या मावशीची आठवण येत होती. तिच्या छातीत गाठ झाली. लाजेपायी वर्षभर तिनं ती पदराआड झाकून ठेवली. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. घरात मात्र एकच प्रश्न फिरत राहिला : हिनं असं काय पाप केलं होतं?

पुढे आम्ही जन्मभर वर्गात कार्यकारणभाव शिकवला. न्यायदर्शनातलं मडक्याचं उदाहरण तर किती वेळा दिलं असेल! मडकं नुसत्या मातीनं होत नाही; कुंभार लागतो, चाक लागतं, ते फिरवायला काठी लागते. पण मावशीच्या आजारालाही हाच विचार लावायला हवा, हे आम्हांला फार उशिरा सुचलं. ते सुचवलं एका शास्त्रज्ञ बाईंच्या कामानं. आज त्यांच्याविषयी बोलू.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्यातला. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडील तिथंच जीवशास्त्र शिकवत. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी त्यांची इच्छा. मुलीनं दोन्ही केलं नाही! १९३९ साली त्यांनी गणित शिकलेल्या ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी लग्न केलं आणि मुंबई गाठली. एम.एस्सी.ला त्यांचा विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशी. आपल्या बालाघाटात सीताफळ काय कमी आहे? पण त्याच्या पेशीत डोकावून बघावं, असं आपल्यापैकी किती जणांना वाटलं?

टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. व. रा. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काम केलं. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे त्या ऊतीसंवर्धन शिकल्या. म्हणजे काय, तर शरीरातला बारीकसा तुकडा काढून काचेच्या भांड्यात पोषक द्रव आणि योग्य ऊब देऊन जिवंत ठेवायचा. पेशी कशी वाढते, कशी बिघडते, ते मग डोळ्यांसमोर दिसतं. परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशातली ती पहिली मानतात. पुढे १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राचं संचालकपदही सांभाळलं.

आता मुद्द्याची गोष्ट. स्तनाचा कर्करोग त्यांनी उंदरांवर अभ्यासला. काय दिसलं? आनुवंशिक वारसा, शरीरातली संप्रेरकं आणि एक विषाणू, यांचा एकमेकांशी संबंध असतो. कोणतंही एक कारण सुटं उचलून पुरत नाही. माती, कुंभार, चाक, काठी! उंदराची ही पिल्लं आईच्या दुधातून तो विषाणू घेतात. पण ते उंदरांचं झालं. आपल्या आयाबायांनी त्या धास्तीनं बाळाला अंगावर पाजणं थांबवू नये. आणि बघा, कारणांच्या या सगळ्या यादीत पाप कुठंच नाही.

हीच नजर त्यांनी माणसांकडेही वळवली. संशोधन करणारी बाई मागे पडते, ते काय तिला बुद्धी कमी म्हणून? तिथंही कारणं अनेक. १९७३ साली त्यांनी सहकारी मैत्रिणींसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. वाशीला तिचं पाळणाघर आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह झालं. पाळणाघर हाही विज्ञानाचाच भाग आहे, हे ज्या बाईनं मूल सांभाळत नोकरी केली तिला वेगळं सांगावं लागत नाही. निवृत्तीनंतर त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात गेल्या, आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करायला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. २००१ साली त्या गेल्या.

मावशीला पाप नव्हतं, गाठ होती. हे तिला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर ती वाचलीच असती, असं आम्ही म्हणणार नाही. पण निदान तिनं ती लपवली नसती. म्हणून इथं बसलेल्या माताभगिनींना एवढंच सांगणं : गाठ हाताला लागली तर झाकू नका, लगेच दाखवा. आणि पुरुषमंडळी, बाईनं सांगितलं तर ‘बघू पुढं’ म्हणू नका. बरोबर जा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. आधी मागं बसलेल्या मुलींचे.