सुरतेच्या दोन शक्तींच्या गाड्या आणि त्यांची थकलेली देखभाल

दोन शक्तींवर चालणारी मोटार सुरतेच्या रस्त्यांना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आले, तेव्हा सुरत ज्या मुंबई इलाख्यात होती तिथल्या अनेक बस आणि लॉऱ्यांच्या मागे लोखंडी भट्ट्या बसल्या. कोळसा अर्धवट जाळायचा, निघालेला वायू गाळायचा आणि इंजिनात सोडायचा, अशी ती व्यवस्था होती. पेट्रोलचा वापर गाडी सुरू करण्यापुरता उरला. या गाड्यांत इंजिनापेक्षा भट्टी आणि गाळणीच जास्त काम मागत. राख रोज काढावी लागे आणि गाळणी धुवावी लागे. ते राहिले की काजळी थेट सिलिंडरात जाई आणि पिस्टनच्या रिंगा झिजत. युद्ध संपले, पेट्रोल पुन्हा मिळू लागले आणि भट्ट्या भंगारात गेल्या. पण गाडीत दुसरी शक्ती आली की दुरुस्तीचे दुसरे शास्त्र आपोआप येत नाही, ही गोष्ट तेव्हाच दिसून आली होती.

सुरतेत दुसरे इंधन कायमचे आले ते समुद्रातून. वसईच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या दक्षिण वसई क्षेत्रातला नैसर्गिक वायू दोनशे किलोमीटरहून लांब वाहिनीने समुद्राखालून सुरतेजवळच्या हजिऱ्याला आणला गेला. १९८४मध्ये स्थापन झालेल्या ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीने हजिऱ्यापासून विजयपूर आणि जगदीशपूरपर्यंत नेलेली वाहिनी देशाच्या वायूजाळ्याचा कणा ठरली. वायू शहराच्या उंबऱ्यावरच उतरत असल्याने तो घराघरांत आणि कारखान्यांत पोचला आणि पुढे सीएनजी म्हणून रिक्षा-मोटारींतही भरला जाऊ लागला.

सुरुवातीला गाड्या पेट्रोलच्याच असत. गॅसचे किट आणि बाटला गॅरेजमध्ये बसवले जात. डिकीत साठ लिटर पाण्याच्या मापाचा पोलादी बाटला, त्यात सुमारे २०० बार दाबाचा वायू, पुढे दाब उतरवणारा रेग्युलेटर आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी मिक्सर, एवढीच सामग्री. मिस्त्री कानाने इंजिन ऐकत स्क्रू फिरवून ट्युनिंग करी. पेट्रोलच्या गाडीत चालून जाणाऱ्या उणिवा गॅसवर उघड्या पडत. वायू पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते, म्हणून जुना प्लग, चिरलेली वायर किंवा थकलेली कॉइल लगेच मिसिंग देई. हवेचा फिल्टर थोडा जरी तुंबला तरी मिश्रण बिघडे. वायू कोरडा असल्याने व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजत. बाटल्याच्या वजनाने मागच्या स्प्रिंगा बसत, आणि हे तर कित्येक मालकांच्या गावीही नसे.

सर्वांत गंभीर दुर्लक्ष बाटल्याचेच होई. नियमानुसार तो दर तीन वर्षांनी गाडीतून काढून, पाणी भरून, दाबाखाली तपासावा लागतो. हीच हायड्रो टेस्ट. तिच्यात गाडी अडकून पडते, पैसे जातात आणि गाडी चालवताना काही फरक जाणवत नाही, म्हणून ती पुढे ढकलली जाते. सुरतेच्या खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत बाटल्याच्या पट्ट्याखाली ओल साचते. गंज धरतो तोही नेमका तिथेच, जिथे नजर जात नाही. सेकंडहँड सीएनजी गाडी घेताना बाटल्यावर कोरलेली तारीख वाचणे ही म्हणूनच पहिली पायरी आहे. मीटरवरचा आकडा नंतर पाहिला तरी चालतो.

दुसरे दुर्लक्ष याच्या उलट बाजूचे होते. गॅस स्वस्त, म्हणून गाडी सकाळी पेट्रोलवर सुरू व्हायची आणि लगेच गॅसवर जायची. टाकीत थोडेसे पेट्रोल महिनोन्महिने पडून राही. इंजेक्टरांना चिकटा धरे, आणि पेट्रोलात बुडूनच थंड राहणारा टाकीतला पंप कोरडा तापून जळे. इथे खानदेशचा संबंध येतो. लिंबायत, उधना आणि दिंडोली भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या गाड्या सणासुदीला गावी जात, तेव्हा बरीच वर्षे सोनगड-नवापूरच्या पुढे गॅसचा पंप नव्हता. जाताना बाटल्यातला वायू, येताना पेट्रोल असा प्रवास होई. त्यामुळे अशा गाड्यांची पेट्रोलची बाजू अधूनमधून तरी चालती राही. केवळ शहरात फिरणाऱ्या गाडीला ती सवलत नव्हती.

ऑगस्ट २००६च्या पुराने वेगळाच धडा दिला. उकाई धरणातून तापीत आठ लाख क्युसेकहून अधिक पाणी सुटले आणि शहराचा मोठा भाग बुडाला. तोवर मोटारींत इलेक्ट्रॉनिक्स शिरले होते. इंजिन उघडून, तेल बदलून गाडी सुरू होई, पण कनेक्टरांत राहिलेला गाळ आणि ओल काही महिन्यांनी हिरव्या गंजाच्या रूपाने वर येई. पुराचे पाणी पाहिलेली गाडी सेकंडहँड बाजारात ओळखायची तर सीटखालचे वायरिंग पाहावे, ही खबरदारी तेव्हापासून अधिकच गरजेची झाली.

खरी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर एकत्र चालवणारी गाडी, जगात १९९७च्या डिसेंबरात जपानमध्ये टोयोटाच्या प्रियसने रुळवली. भारतात ती २००८मध्ये होंडा सिव्हिक हायब्रिडच्या रूपाने आली. तिची किंमत साडेएकवीस लाखांच्या घरात होती आणि काही महिन्यांतच ती सुमारे आठ लाखांनी उतरवावी लागली. २०१०मध्ये प्रियस आली, २०१३पासून कॅमरी हायब्रिड कर्नाटकातल्या बिडदीत जोडली जाऊ लागली आणि २०१५मध्ये मारुतीने सियाझमध्ये सौम्य (माइल्ड) हायब्रिड यंत्रणा दिली. सरकारी धोरणाचा मात्र भरवसा नव्हता. विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांसाठीच्या २०१५च्या ‘फेम’ योजनेतले अनुदान सौम्य हायब्रिडना एप्रिल २०१७पासून बंद झाले आणि त्याच वर्षी जुलैत जीएसटी आल्यावर मोठ्या हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के कर बसला. गाड्या कमी विकल्या गेल्या, म्हणून मिस्त्र्यांच्या हाताखालून कमी गेल्या. होंडा सिटी, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा यांनी २०२२मध्ये बाजार पुन्हा उघडला, तोवर पहिल्या पिढीच्या हायब्रिड दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे पोचल्या होत्या.

या गाड्यांची देखभाल का थकते, याचे उत्तर कंपनीच्या वेळापत्रकातच आहे. हायब्रिडची महत्त्वाची कामे फार उशिरा येतात. टोयोटाच्या अनेक गाड्यांत इंजिनाचा पहिला कूलंट सुमारे १,६०,००० किलोमीटरला आणि इन्व्हर्टरचा (बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या यंत्राचा) २,४०,००० किलोमीटरला बदलायचा असतो. पहिला मालक तोवर गाडी विकून मोकळा झालेला असतो. नवा मालक तेल बदलतो, टायर घालतो आणि गाडी ठीक चालते असे समजतो. इन्व्हर्टरला कूलंटचा वेगळा मार्ग आणि वेगळा विजेचा पंप आहे, हे त्याला ठाऊकच नसते.

मुख्य बॅटरीची गोष्ट अधिक बारीक आहे. प्रियसमध्ये निकेल-मेटल हायड्राइडचे २८ संच जोडून सुमारे २०१ व्होल्ट मिळतात. त्यांना थंड ठेवणारा पंखा गाडीच्या आतलीच हवा मागच्या सीटच्या कडेला असलेल्या जाळीतून ओढतो. त्या जाळीसमोर पिशवी टेकून ठेवली, किंवा आत धागे आणि धूळ जमली, तर मधले संच जास्त तापतात आणि आधी मरतात. सुरतेसारख्या कापडाच्या शहरात, जिथे गाडीतून तागे आणि साड्यांचे गठ्ठे नेले जातात, तिथे तंतूंची ती चादर पंख्यावर बसणे साहजिक आहे. बऱ्याचदा संपूर्ण बॅटरी बदलण्याआधी पंखा उतरवून स्वच्छ करणे आणि प्रत्येक संचाचा व्होल्टेज मोजणे पुरेसे ठरते. गेलेला एकच संच बदलता येतो, पण जुन्यांत नवा एकटा घातला तर जोडी जुळत नाही आणि काही महिन्यांत शेजारचा संच जातो.

ब्रेकचे गणितही उलटे आहे. गाडी थांबवण्याचे बरेच काम मोटर करते, म्हणून पॅड दीर्घकाळ टिकतात. पण कमी वापरामुळे कॅलिपरच्या पिना दमट हवेत गंजून अडकतात. पॅडची जाडी चांगली असूनही ब्रेक एका बाजूला ओढतो, तो यामुळे. ब्रेक ऑइल ओल शोषते, ते किलोमीटर न मोजता वर्षांवर बदलावे लागते. छोटी बारा व्होल्टची बॅटरी उतरली की डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम पेटतात आणि मालक मुख्य बॅटरी गेली असे समजून घाबरतो.

कामाची रीतही बदलली आहे. उच्च दाबाच्या नारिंगी केबलला हात लावण्याआधी मुख्य बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, कॅपॅसिटर उतरेपर्यंत किमान दहा मिनिटे थांबायचे, आणि त्या सगळ्या वेळात हातात वीजरोधक रबरी हातमोजे ठेवायचे. कानाने ट्युनिंग करणाऱ्या पिढीची पारख इथे अपुरी पडते. स्कॅनरवर प्रत्येक संचाचे आकडे पाहूनच निदान होते. थकलेली कामे उरकताना आधी पंखा, ब्रेक ऑइल आणि दोन्ही कूलंट, मग ट्रान्सअॅक्सलचे (गिअरबॉक्सचे) तेल आणि स्पार्क प्लग, हा क्रम बरा पडतो, कारण पहिल्या तिन्हींवर सर्वांत महाग भागांचे आयुष्य टिकून आहे. काढलेली जुनी बॅटरीही आता भंगारवाल्याला देता येत नाही. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी तिच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.